सायखेड्याचा आवाज आणि माझा स्टॅबिलायझर

स्टॅबिलायझर मी आणला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी मिस्टरांवर कितीही तोंडसुख घेतलं तरी चूक कुणाची होती याचा घोळ नको. दुकानदाराशी हुज्जत घालून, झाकण उघडायला लावून, आतलं वायंडिंग तांब्याचंच आहे ना हे डोळ्यांनी बघून आणला होता. मी आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवते. इतर बायका साडीचा पदर उलटा करून बघतात, मी ट्रान्सफॉर्मर उलटा करून बघते. त्या स्टॅबिलायझरचं मला फार कौतुक होतं आणि ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

माझे मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचे. दिवसभर कानाशी धाड-धाड. पण लग्नाआधी ते एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, गावोगावच्या यात्रांना जायचे, आणि त्यांच्या मते त्यांचं खरं आयुष्य तेवढंच. मी, मुलगी, पाथर्डी फाट्याचा फ्लॅट, हे सगळं नंतर आलेलं. असं ते कधी बोलले नाहीत, पण बायकोला न बोललेलंच आधी ऐकू येतं.

त्या आयुष्यातली दहा मिनिटं मला तोंडपाठ आहेत, इतक्यांदा ती ऐकलीत. सायखेड्याची यात्रा, दिवेलागणीची वेळ. गाणारी बाई यायची होती, तिची गाडी वाटेत बंद पडलेली. समोर लोक शिट्ट्या मारायला लागले. ऑर्केस्ट्राचा मालक म्हणाला, काहीतरी वाजव रे. मिस्टर तेव्हा बावीस वर्षांचे. त्यांनी गिटारची वायर सरळ लाउडस्पीकरवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये खुपसली, आवाज पार शेवटपर्यंत वाढवला आणि कॅसेट घासून घासून शिकलेलं इंग्रजी रॉक वाजवायला सुरुवात केली. सायखेड्याच्या जनतेने त्यांना शेंगांची टरफलं मारली. मिस्टरांना पत्ताच नाही. कारण त्या अ‍ॅम्प्लिफायरमधून जो आवाज आला तो त्यांनी तोवर फक्त कॅसेटवर ऐकला होता, साहेबांच्या देशातल्या मोठ्या वादकांचा, आणि तो आता त्यांच्याच बोटांतून निघत होता.

मी तिथे नव्हते. मी तेव्हा चांदवडला वडिलांच्या कांदाचाळीत बसून कांदा निवडत होते. आमचं लग्न त्यानंतर तीन वर्षांनी झालं.

आवाज कसा होता, असं विचारलं की ते खुलायचे. "ओला होता," म्हणायचे. ओला आवाज म्हणजे काय ते मला कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "काकवीसारखा." मी म्हणायचे, मग भाकरीशी खाल्ला असेल. पण एक वर्णन मात्र दर वेळी तेच असायचं. "तार छेडली की आवाज आधी एक पाऊल मागे घ्यायचा आणि मग अंगावर यायचा."

"अहो, आवाजाला पाय नसतात," मी म्हणायचे.

हे सगळं जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे, असं त्यांचं म्हणणं. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या त्या नळ्या, आत दिव्यासारखी तार तापते. आपल्या लहानपणी रेडिओत असायच्या. त्यांना झेपेल त्याहून जास्त रेटलं की आवाज फाटतो, पण गोड फाटतो, आणि जुनं रॉक संगीत सगळं त्या गोड फाटण्यावर उभं आहे. नंतरच्या ट्रान्झिस्टरच्या मशिनी रेटल्या की ताट पडल्यासारखा आवाज करतात. एवढं विजेचं शास्त्र त्यांना ठाऊक होतं. उरलेलं मला ठाऊक होतं, आणि घात तिथेच झाला.

अकरा वर्षांपूर्वी कारखान्याच्या तपासणीत त्यांच्या कानांत खोट निघाली. आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका कागदावर उताराला लागलेली रेघ काढून दाखवली. म्हणाले, नस कमजोर झाली आहे, गेलं ते परत येत नाही, उरलंय तेही हळूहळू जाईल. किती दिवसांत, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, वर्षांत बोला, पण जाईल.

बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. ग्लास खाली ठेवून मिस्टर म्हणाले, "कान आहेत तोवर तो आवाज एकदा ऐकायचा. बास." या माणसाने मला कधी डब्यात अमुक भाजी दे असंही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, ऐकू की. त्यात काय अवघड आहे?

खरंच अवघड वाटलं नव्हतं. सायखेड्याला गेलो तर तो लाउडस्पीकरवाला सापडला, आणि त्याच्या माळ्यावर तोच अ‍ॅम्प्लिफायर सापडला. एका व्हॉल्व्हची काच काळी पडलेली, आत कोंबडीची पिसं. तो म्हणाला, "न्या दादा, माझ्या काय कामाचा हाय आता." गिटार तर घरात होतीच, कपाटावर, जुन्या चादरीत. वाजवणारा तोच, गिटार तीच, अ‍ॅम्प्लिफायर तोच. आता फक्त दुरुस्ती, आणि दुरुस्ती म्हणजे माझा प्रांत.

मी तो उघडला तेव्हा मला घाम फुटला. अर्थिंग नाही. फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळलेली. कंडेन्सर फुगलेले. हा माणूस यात्रेत याला हात लावून जिवंत घरी कसा आला, मला कळेना. दीड महिना मी संध्याकाळी त्या यंत्राशी बसले. कंडेन्सर बदलले, वायरी बदलल्या, अर्थिंग दिलं. आणि एवढं जुनं नाजूक यंत्र आपल्या भागातल्या विजेवर सोडायचं नाही म्हणून तो स्टॅबिलायझर आणला. आत काहीही येवो, बाहेर बरोबर दोनशे तीस व्होल्ट. मी वर्गात पहिल्या दिवशी मुलांकडून हे तीनदा म्हणवून घेते. यंत्राला दोनशे तीस द्या, यंत्र तुम्हाला फसवणार नाही.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा व्हॉल्व्ह हळूहळू केशरी झाले. मला देव्हाऱ्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. मिस्टरांनी एक सूर धरला, थोडं वाजवलं आणि थांबले.

"हा नाही."

"हा नाही म्हणजे? हाच आहे. तुमचाच आहे."

"अ‍ॅम्प्लिफायर तोच आहे गं. आवाज तो नाही. हा ताठ आहे. इस्त्री केल्यासारखा."

मला राग आला. दीड महिना खपून केलेल्या पुरणपोळीला कुणी 'गूळ कमी आहे' म्हणावं तसा. मी म्हटलं, तुमच्या कानातच बिघाड आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय. हे मी बोलले. त्यांनी गिटार खाली ठेवली आणि भाजी आणायला गेले.

पुढची वर्षं एकामागून एक गेली. मुंबईच्या बाजारातून दुसरे व्हॉल्व्ह मागवले. रशियातले, चीनमधले, कुणा रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या डबीतले. स्पीकर बदलले. कागदाचा पडदा असलेला हवा म्हणून बदलले, मग जुन्या कागदाचा हवा म्हणून बदलले. तारा बदलल्या. अ‍ॅम्प्लिफायर भिंतीपासून वीतभर पुढे आणला, मग हातभर. मुलगी पुण्याहून फोनवर विचारायची, बाबांना मिळाला का? मी म्हणायचे, ते आज खिडकीचे पडदे काढून बघतायत. आम्ही दोघी हसायचो. दर वेळी ते थोडं वाजवायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "हा नाही." आणि खरं सांगायचं तर मला एका आवाजात आणि दुसऱ्यात काडीचा फरक कळायचा नाही. मी आपली काट्याकडे बघायचे. काटा दोनशे तीसवर. माझ्या बाजूने सगळं चोख होतं.

त्यांना एकदा वाटलं, नदीकाठच्या हवेमुळे असेल. म्हणून एका रविवारी आम्ही सगळं सामान गाडीत घालून सायखेड्याला गेलो. अ‍ॅम्प्लिफायर मागच्या सीटवर, आणि मी पुढे, मांडीवर स्टॅबिलायझर घेऊन. ओळखीने शाळेजवळच्या एका घरातून वीज घेतली. गोदेच्या काठाला शेतीपंपांच्या मोटारी चालू होत्या. मी स्टॅबिलायझर लावला, आत येणाऱ्या विजेचा काटा बघितला, तर एकशे ऐंशी. मी मिस्टरांना मुद्दाम बोलावून दाखवलं. "बघा, किती घाण व्होल्टेज आहे इथलं. बरं झालं हा आणला ते." त्यांनी बघितलं. म्हणाले, "तू होतीस म्हणून."

मग वाजवलं. "हा नाही," म्हणाले. येतानाही स्टॅबिलायझर माझ्या मांडीवरच होता.

त्यानंतर कान भराभर उतरले. डावा गेला. उजव्याला मशीन बसवलं. बोललेलं कळायचं, मोठ्याने बोललं तर, समोर बसून बोललं तर. गिटार मात्र त्या मशिनीतून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी वाजते, असं ते म्हणाले. घरात एक नवीन सवय आली. एखादी गोष्ट त्यांना ऐकू आली नाही की ते पुन्हा विचारत नाहीत. माझ्याकडे बघतात आणि मान हलवतात, होकारार्थी, दोनदा. हे मला उमगायला जवळजवळ वर्ष गेलं. तोवर मला वाटायचं, हल्ली यांना माझं सगळं पटायला लागलंय.

मग एक दिवस मी कामावरून आले तर अ‍ॅम्प्लिफायरवर चादर घातलेली. दुसऱ्या आठवड्यात त्या चादरीवर इस्त्रीचे कपडे. अकरा वर्षं मी ज्या खुळाची टिंगल केली ते संपलं होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. उलट चीड आली. एवढा चोख अ‍ॅम्प्लिफायर, एवढी चोख वीज, आणि या माणसाची एक इच्छा पुरी होऊ नये? उजव्या कानात अजून काहीतरी उरलं होतं. मला वाटलं, उरलंय तेवढ्यात बसवू.

यात्रेतला जुना भोंगा तरी मिळतो का बघावं, म्हणून मी एकटीच सायखेड्याला गेले. मिस्टरांना सांगितलं, परीक्षेचं काम आहे. लाउडस्पीकरवाला आता मुलाच्या डीजेच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतो. त्याने मला ओळखलं. चहा मागवला. भोंगा भंगारात गेला होता.

"वहिनी, एक सांगा," तो म्हणाला, "दादांना लागला का त्यो आवाज?"

"नाही लागला. सगळं करून बघितलं. वीजसुद्धा एकदम शुद्ध दिली मी."

तो हसला. "शुद्ध? तवा कुठली शुद्ध वीज वहिनी! पोलावर आकडा टाकायचो आम्ही. त्यात सांजच्याला समद्यांच्या मोटारी चालू. बलप निखाऱ्यावानी लाल दिसायचा. गाणारी बाई वरडायची, माझा आवाज बसका येतो म्हणून. पण तुमचे दादा वाजवाया लागले आन मीच चाट पडलो. असा मऊ आवाज त्या मशिनीतून मी परत नाय ऐकला."

चहाचा कप माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

मी हे दरवर्षी शिकवते. व्होल्टेज कमी असलं की यंत्राची ताकद कमी पडते. त्यावर एकदम लोड आला की ते खाली बसतं आणि मग सावरतं. म्हणजे तार छेडली की आवाज आधी एक पाऊल मागे घेतो आणि मग अंगावर येतो. अकरा वर्षं हा माणूस मला वायरमनच्या पुस्तकातलं वाक्य त्याच्या शब्दांत सांगत होता आणि मी त्याला सांगत होते की आवाजाला पाय नसतात. त्या रविवारी सायखेड्यात तो आवाज भिंतीतल्या प्लगपर्यंत आला होता. एकशे ऐंशीचा काटा मी स्वतः दाखवला होता. मग त्याच्या आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये मी मांडीवरून आणलेली ती पेटी ठेवली आणि आवाज सरळ करून टाकला. आणि ते म्हणाले होते, तू होतीस म्हणून.

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का? मी नाही म्हटलं.

लॅबमध्ये आमच्याकडे एक डिमर आहे. वरची चकती फिरवली की व्होल्टेज हवं तेवढं खाली आणता येतं. प्राचार्यांची परवानगी घेऊन मी तो शनिवारी घरी आणला. रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर कपडे उचलले, चादर काढली, स्टॅबिलायझर बाजूला केला आणि डिमर जोडला.

"हे काय आणलंस?" मिस्टरांनी विचारलं.

"लॅबमधलं आहे," मी मोठ्याने म्हटलं. "एकदा वाजवा."

"आता कशाला?"

"वाजवा हो. माझ्यासाठी."

त्यांनी गिटार काढली. पूर्वी ते कानाने लावायचे, आता मोबाईलवर काटा बघून एकेक तार लावली. त्याला बराच वेळ लागला. मी चकती दोनशे तीसवर ठेवली. वाजवलं. नेहमीचाच आवाज. दोनशेवर आणली. काहीतरी सैल झालं, पण मला खात्री नव्हती. मग एकशे पंच्याहत्तर. व्हॉल्व्हचा केशरी रंग मंदावला, चूल विझायला लागल्यावर दिसतो तसा झाला. त्यांनी जाडी तार छेडली.

आवाज मागे सरला. खरंच सरला. आणि मग माझ्या अंगावर आला. अकरा वर्षांत ज्या बाईला एक व्हॉल्व्ह दुसऱ्यापासून ओळखता आला नाही तिच्या हातावर काटा आला. ते वाजवत राहिले आणि मी तिथे पलंगाच्या कडेला बसून ऐकत राहिले. इतकं सुंदर काही आमच्या घरात त्याआधी कधी वाजलं नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं, ते तारांकडे बघतच नाहीयेत. माझ्या चेहऱ्याकडे बघतायत. त्यांनी हात थांबवला.

"आला?"

"आला," मी ओरडून सांगितलं, आणि लगेच भीती वाटली. आला म्हणणारी मी कोण? मी त्या संध्याकाळी चांदवडला कांदा निवडत होते. तो आवाज ओळखू शकणारा जगात एकच माणूस, आणि त्याच्या कानात खडे वाजत होते. त्यांनी मशीन काढून बघितलं, एक तार छेडली, पुन्हा मशीन घातलं, पुन्हा छेडली. मग तार हाताने दाबून बंद केली.

"कसा आहे?"

"ओला आहे. काकवीसारखा. आधी मागे सरतो आणि मग अंगावर येतो."

ते किंचित हसले. "ते मी सांगायचो. तुला कसा वाटला ते सांग."

मी शब्द शोधला. माझ्याकडे एकही नव्हता. अकरा वर्षं त्यांच्या शब्दांना हसण्यात गेली, स्वतःचा एक साठवला नाही. आणि मला सांगायचं होतं ते वेगळंच होतं. ते ओरडून सांगता येईना. माणूस ओरडून भाजी सांगू शकतो, वेळ सांगू शकतो. मी खाली, कोपऱ्यात सरकवलेल्या त्या स्टॅबिलायझरकडे बघत म्हटलं, "अहो, माझ्यामुळे झालं हे. तुमचा आवाज मीच अडवून ठेवला होता."

मी वर बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली, होकारार्थी, दोनदा.